रुग्णालयात जडणारा संसर्ग आणि राहून गेलेली मोजणी

नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा सगळ्या शाखांची महाविद्यालये या एका विद्यापीठाला जोडली गेली. सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो आणि त्यांतले बरेच विषय एकाच वळणाचे असतात: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना होणारा न्यूमोनिया, शस्त्रक्रियेनंतर पिकलेल्या जखमांमधले जंतू, लघवीच्या नळीतून शिरलेला संसर्ग, आणि यातला कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो. एक तरुण डॉक्टर आपल्याच रुग्णालयातले नमुने गोळा करतो, कल्चर लावतो, तक्ते करतो, परीक्षा देतो आणि पुढच्या नोकरीला निघून जातो. नमुने ज्या वॉर्डातले होते त्या वॉर्डात त्यामुळे काय बदलले, हे विचारणारे फार थोडे.

रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचा प्रश्न महाराष्ट्रापुरता मांडायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. आपल्याकडे संशोधन झालेले नाही असे कोणी म्हणू नये. मुंबई, पुणे आणि गडचिरोलीत झालेल्या कामाची दखल जगाने घेतली आहे. या सगळ्या कामाचा गाभा पाहिला तर तो एकच आहे: किती जणांना, कुठे, कशामुळे संसर्ग झाला याची न चुकता ठेवलेली नोंद. नेमकी तीच गोष्ट आपल्या बहुतेक रुग्णालयांच्या रोजच्या कामाचा भाग झालेली नाही.

दाखल होताना अंगात नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग म्हणजे रुग्णालयजन्य संसर्ग, अशी रूढ व्याख्या आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी ही मुदत ३० दिवसांची असते. कृत्रिम सांधा किंवा सळई बसवली असेल तर ती ९० दिवसांपर्यंत जाते. घरी आपण ‘टाके पिकले’, ‘सेप्टिक झाले’ म्हणतो आणि रुग्णाच्या साखरेला, वयाला किंवा नशिबाला दोष देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. त्यांतला सरासरी दहातला एक दगावतो. हाच अहवाल असेही सांगतो की प्रतिबंधाचे नियम नीट पाळले तर यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतात. म्हणजे नशिबाचा वाटा आपण समजतो त्याहून बराच लहान आहे.

या विषयातले पहिले मोठे काम १८४७ साली व्हिएन्नात झाले, हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. इग्नाझ सेमेलवाइसच्या प्रसूती विभागात त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर बाळंतिणी सूतिकाज्वराने मेल्या. मेच्या मध्यापासून शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुणे त्याने सक्तीचे केले आणि जूनमध्ये तेच प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. जंतू रोग करतात हा सिद्धांत तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता. सेमेलवाइसच्या हातात होत्या त्या मृत्यूंच्या महिनावार नोंदी, आणि त्याच्या व शेजारच्याच दुसऱ्या प्रसूती विभागातल्या मृत्यूंत इतका फरक का, हा त्या नोंदींनी पुढे केलेला प्रश्न.

आपल्याकडची तितकीच बोलकी घटना परळच्या प्रयोगशाळेशी जोडलेली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला गेली, लाखो लोकांना लस मिळाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. ते सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. चौकशीत ठपका परळवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पण बाटलीला क्रमांक होता, कोणाला कोणत्या बाटलीतली लस दिली याची नोंद होती, आणि त्या दिवशी गावात काय घडले याचीही नोंद होती. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे त्यातून पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले, आणि १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. ही गोष्ट आपण हाफकिन यांच्यावरच्या अन्यायाची म्हणून सांगतो. मला ती संसर्ग-नियंत्रणाची गोष्ट म्हणूनही तितकीच महत्त्वाची वाटते. टोचणीच्या वेळी झालेली एक चूक एकोणीस जीव घेते, आणि ती कुठे झाली हे शोधता येते ते केवळ कागद शाबूत असतात म्हणून.

त्याच प्लेगच्या साथीत, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना लागण झालेल्या सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने मृत्यू झाला. शुश्रूषा करणाऱ्यालाच रोग लागतो हा या विषयाचा दुसरा, बहुधा विसरला जाणारा भाग. त्यावरचे आधुनिक भारतातले मोलाचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले आहे. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडीत मेंदूज्वराची साथ आली. संस्थेच्या डॉ. मनदीप चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी पुढे तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण ६६, त्यांतले जवळजवळ तीन-चतुर्थांश दगावले. रोग होता निपाह. याहून धक्कादायक निष्कर्ष असा की बहुसंख्य रुग्णांना तो रुग्णालयातच लागला होता: कोणी कर्मचारी, कोणी दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेला, कोणी भेटायला आलेला. २०११ मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ज्वराचा देशातला पहिला उद्रेक याच संस्थेने ओळखला. तिथे मूळ रुग्णापाठोपाठ तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर आणि परिचारिका हेही दगावले. २०१८ मध्ये केरळातल्या निपाहच्या साथीत परिचारिका लिनी पुदुश्शेरी गेली. आणि एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर करोनाबाधित निघाले, तेव्हा ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले. प्रत्येक वेळी आपण या लोकांना योद्धे म्हटले. हातमोजे, मास्क, हवा खेळती असलेला वॉर्ड आणि नेमाने होणारे प्रशिक्षण यांची मागणी मात्र साथ ओसरली की मागे पडते.

साथीचे रोग वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. रुग्णालयातले रोजचे संसर्ग येत नाहीत, आणि माणसे जास्त मरतात ती त्यांनीच. त्यांची पद्धतशीर मोजणी भारतात सुरू झाली ती बरीच उशिरा. २००७ साली भारतातील सात शहरांच्या अतिदक्षता विभागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रमुख लेखिका माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. अजिता मेहता होत्या. १०,८३५ रुग्ण, ५२,५१८ रुग्ण-दिवस, ४७६ संसर्ग. गळ्याजवळच्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, म्हणजे सेंट्रल लाईनमुळे, रक्तात होणारा संसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे ७.९२. व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे १०.४६. नळी-दिवस हे परिमाण इथे फार महत्त्वाचे आहे. नुसते ‘आमच्याकडे महिन्यात तीन संसर्ग झाले’ म्हटल्याने काही कळत नाही. तीनच रुग्णांना नळी होती की तीनशेंना, यावर सगळा अर्थ ठरतो. म्हणून कोणीतरी रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी जाऊन किती जणांना नळी आहे हे मोजावे लागते. संसर्ग-नियंत्रण परिचारिकेचे काम हेच.

आता याशेजारी दुसरा आकडा ठेवतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या १०३ अतिदक्षता विभागांचा अहवाल पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००६ साली दिला. तिथे आरंभीचा सरासरी दर होता ७.७. आपल्या सात शहरांच्या आकड्याइतकाच म्हणायला हरकत नाही. त्यांनी पाच साध्या गोष्टी सक्तीच्या केल्या: नळी घालण्यापूर्वी हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसणे, शक्यतो मांडीतली शीर टाळणे, आणि नळीची आज खरेच गरज आहे का हे रोज विचारून नको असेल तर ती काढणे. एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. दीड वर्षात दर १.४ वर आला. नवे औषध आले नव्हते, नवे यंत्रही आणले नव्हते.

आपल्याकडे काय झाले? दिल्लीच्या एम्समधील डॉ. पूर्वा माथुर आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथीने उभ्या राहिलेल्या देशव्यापी जाळ्याने २०१७ ते २०२४ या काळात ५४ रुग्णालयांतील २०० अतिदक्षता विभागांची मोजणी केली. सेंट्रल लाईनमुळे झालेले रक्तसंसर्ग ८,६२९, आणि दर हजार नळी-दिवसांमागे ८.८३. रुग्णालये वेगळी आहेत, रुग्णांची अवस्था वेगळी आहे, त्यामुळे २००७ चा आकडा आणि हा आकडा थेट ताडून पाहता येणार नाहीत, हे मान्य. तरीही एवढे म्हणता येते की मिशिगनने दीड वर्षात केलेली घट आपल्याला दीड दशकात दिसलेली नाही. शिवाय या जाळ्यात आहेत ती मोजायला तयार झालेली, प्रयोगशाळा असलेली मोठी रुग्णालये.

संसर्ग टळला नाही की सगळा भार प्रतिजैविकांवर पडतो, आणि तिथली कथा पुन्हा हिंदुजा रुग्णालयापाशी येते. मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियन संघटनेच्या मासिकात तिथल्या डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज, डॉ. राजीव सोमण आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांना न जुमानणारे २४ आतड्यातले जंतू त्यांना सापडले आणि त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१) हे जनुक होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईचे कार्तिकेयन कुमारसामी आणि ब्रिटनचे टिमोथी वॉल्श यांचा लेख लॅन्सेटच्या मासिकात आला आणि देशभर गदारोळ झाला. जनुकाच्या नावात दिल्ली का, हा परदेशी रुग्ण पळवण्याचा डाव आहे का, यावर संसदेपर्यंत चर्चा गेली. मुंबईतल्या डॉक्टरांनी पाच महिने आधी, आपल्याच देशातल्या मासिकात, आपल्याच रुग्णांबद्दल हेच सांगितले होते, ही गोष्ट त्या गोंगाटात हरवली. तो वेळ नावावरून भांडण्यात न घालवता प्रत्येक जिल्ह्यात एक चांगली कल्चर प्रयोगशाळा उभी करण्यात घालवला असता, तर आज चित्र वेगळे दिसले असते असे मला ठामपणे वाटते.

पाठोपाठ उपाय झाले नाहीत असे नाही. २०१२ मध्ये प्रतिजैविकांविषयीचा चेन्नई जाहीरनामा आला. मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूची लागू होऊन काही प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी वही ठेवणे औषध दुकानदारांना बंधनकारक झाले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांना वाढीसाठी कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. पण वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातले आकडे खालीच येत राहिले. कार्बापेनेम गटातल्या इमिपेनेमला दाद देणारे ई. कोलाय जंतू २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, २०२३ मध्ये ६३ टक्क्यांच्या आसपास उरले. क्लेब्सिएलाचे प्रमाण ५८ वरून ३५ च्या घरात आले.

नवीन औषधांच्या आघाडीवर मराठवाड्याने दिलेली चांगली बातमी इथे सांगायलाच हवी. छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्ट संशोधन केंद्रात घडलेले नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि तिथेच झिडेबॅक्टम या घटकावरही वर्षानुवर्षे काम झाले. जगातल्या बड्या कंपन्या प्रतिजैविकांच्या संशोधनातून अंग काढून घेत असताना इथल्या शास्त्रज्ञांनी चिकाटी सोडली नाही, याचा अभिमान वाटतो. फक्त नवे औषध आले म्हणून हात धुणे सुटले, तर तेही काही वर्षांत निकामी होईल.

या प्रश्नाचा सर्वांत दुखरा भाग नवजात बाळांचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूत बायकांना बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला आणि जंतुदोष झालेल्या बाळांमधला मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरला. झोपडीत, साध्या सुईने, स्वस्त औषधाने हे झाले. यासाठी प्रत्येक गरोदर बाईची आणि प्रत्येक जन्माची नोंद वहीत होती, हेही लक्षात ठेवायला हवे.

आता २०१६ साली प्रसिद्ध झालेला दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास पाहा. तिथे दाखल झालेल्या नवजात बाळांपैकी १४.३ टक्क्यांना जंतुदोष झाला. सर्वांत पुढे होते ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय, म्हणजे बहुऔषधरोधक होऊन बसलेले रुग्णालयातले जंतू. यांतली बहुतेक बाळे पहिल्या ७२ तासांतच आजारी पडलेली होती. पुण्यातील तीन रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता विभागांत झालेल्या अभ्यासातही याच, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह, गटातल्या जंतूंचा वरचष्मा दिसला. घरातले बाळंतपण धोक्याचे म्हणून आपण बायकांना रुग्णालयात आणले. तो निर्णय योग्यच होता, आणि त्याने असंख्य माता वाचल्या. पण जिथे आणले तिथे गडचिरोलीच्या झोपडीत लागू पडणारे जेंटामायसिन लागू पडेनासे झाले असेल, तर त्याची जबाबदारी व्यवस्थेने घ्यायला हवी.

नाशिकला हे दूरचे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात ५५ बाळे दगावल्याचे उघड झाले आणि त्या एप्रिलपासूनचा आकडा १८७ होता. कमी दिवसांची, कमी वजनाची, खासगी दवाखान्यांतून अखेरच्या घटकेला पाठवलेली बाळे, अशी कारणे प्रशासनाने सांगितली आणि ती खोटी मानायचे कारण नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायकांची बाळे अशक्त असतात, हे खरेच आहे. पण एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत असल्याचेही तेव्हा पुढे आले होते. एका बाळाच्या अंगावरचा जंतू दुसऱ्याकडे जायला याहून सोपा रस्ता नसतो. चर्चा ५५ या आकड्याभोवती फिरली, खाटा वाढवण्याच्या घोषणा झाल्या. संसर्गाने किती बाळे गेली, कोणत्या जंतूने गेली, तो जंतू त्या कक्षात कधीपासून आहे, हे प्रश्न एखाद्या पेटीच्या किमतीपेक्षा कमी खर्चात सोडवता येतात. ते विचारले जायला हवेत, आणि दर महिन्याला विचारले जायला हवेत.

मोठ्या रुग्णालयांवर बोलणे सोपे असते. गंगापूर रोड, मुंबई नाका, सिडको, नाशिकरोड, किंवा पिंपळगाव, निफाड, मालेगाव, कुठेही गेलात तरी बहुतेक लोक जातात ती दहा-वीस खाटांची नर्सिंग होम. तिथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नसतो, असणे परवडणारेही नसते. डॉक्टर, एक-दोन सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशी यांच्या हातावर सगळे चालते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर तीन-चार आठवड्यांनी पोटावरच्या छोट्या छिद्रांपाशी गाठी येतात, त्या फुटून वाहू लागतात आणि नेहमीच्या औषधाने बऱ्या होत नाहीत. हा अनुभव देशभरातल्या शल्यविशारदांनी लिहून ठेवला आहे. कारण असते क्षयरोगाच्या जंतूच्या गोतावळ्यातला, पाण्यात राहणारा एक चिवट जंतू. दुर्बिणीची हत्यारे दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये वीस मिनिटे ग्लुटराल्डिहाइडमध्ये, ज्याला शस्त्रक्रियागृहात, म्हणजे ओटीत, सगळे सायडेक्स म्हणतात त्यात, बुडवतात. पूर्ण निर्जंतुकीकरणाला तेच द्रावण कित्येक तास लागते. मग ती हत्यारे नळाच्या पाण्याने खळबळली जातात आणि जंतू पुन्हा बसतो. रुग्णाला महिनोन् महिने औषधे घ्यावी लागतात. हत्यारांचा एक जादा संच आणि वाफेचा ऑटोक्लेव्ह एवढ्याने हे थांबते.

उलट काही गोष्टी निष्ठेने केल्या जातात आणि त्यांचा उपयोग फार थोडा असतो. दर आठवड्याला ओटीत फॉर्मलिनची धुरी देणे, भिंती-टेबलांचे स्वॅब पाठवणे, शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस प्रतिजैविक चालू ठेवणे, आदल्या दिवशी रेझरने केस काढणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: प्रतिबंधक प्रतिजैविक चिरा देण्यापूर्वी द्यायचे, शस्त्रक्रिया संपल्यावर ते लांबवायचे नाही, आणि रेझर वापरायचाच नाही. फॉर्मलिनच्या वासाने नातेवाईकांना स्वच्छतेचा भरवसा वाटतो, म्हणून धुरी चालू राहते. हात मात्र वासाशिवाय, गाजावाजाशिवाय धुवावे लागतात. जिनिव्हात दिदिए पिते यांनी अल्कोहोलचे द्रावण प्रत्येक खाटेपाशी ठेवले, हात धुण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर नेले, आणि संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आले. हा निष्कर्ष २००० सालापासून सर्वांसमोर आहे.

करोनाच्या काळाने हे सगळे एकदम उघडे पाडले. दहा रुग्णालयांतील १७,५३४ करोना रुग्णांच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात ३.६ टक्के रुग्णांना दुसरा जीवाणू किंवा बुरशीचा संसर्ग झाला. प्रमाण लहान दिसते. पण एकूण मृत्यू १०.६ टक्के असताना या रुग्णांत ते ५६.७ टक्के होते. करोनातून तरलेला माणूस क्लेब्सिएलाने गेला, अशी घरे नाशिकमध्येही आहेत, आणि मृत्यूच्या दाखल्यावर करोनाच लिहिलेला आहे.

मग मोजणी होत का नाही? माझ्या मते मुख्य कारण पैशाचे आहे. संसर्ग झाला की खाटेचे दिवस वाढतात, महागडी इंजेक्शने लागतात आणि बिल रुग्णाच्या घरच्यांना येते. रुग्णालयाला त्याची झळ बसत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ पासून सरकारी विमा योजनेने रुग्णालयात जडलेल्या काही संसर्गांच्या उपचाराचे जादा पैसे देणे थांबवले आणि दर जाहीर करायला लावले, तेव्हा व्यवस्थापनांचे लक्ष तिकडे गेले. दुसरे कारण भीतीचे. आकडा बाहेर पडला तर बदनामी होईल, दगडफेक होईल, असे डॉक्टरांना वाटते, आणि गेल्या काही वर्षांत डॉक्टरांवर झालेले हल्ले पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून सुरुवात सर्वांनी मिळून, एकाच दिवशी, एकाच व्याख्येने करायला हवी.

महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. त्याच फलकावर आणखी दोन ओळी याव्यात: गेल्या तिमाहीत किती शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या किती जखमा पिकल्या. अडीचशे खाटांमागे एक संसर्ग-नियंत्रण परिचारिका असावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान निकष आहे. वीस खाटांच्या रुग्णालयाला ती परवडत नाही. दहा-बारा रुग्णालयांना मिळून मात्र सहज परवडेल. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा त्यांच्या कल्चरचे काम करू शकते. नाशिकमध्ये आडगावचे डॉ. वसंतराव पवार महाविद्यालय आहे, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे आणि राज्याचे आरोग्य विद्यापीठच इथे आहे. असा प्रयोग करायला याहून सोयीचे शहर महाराष्ट्रात नाही. विद्यापीठाने एमडीच्या प्रबंधांतून निघालेले जंतूंचे आणि औषधांचे तक्ते जिल्हावार संकलित करून दरवर्षी प्रसिद्ध केले, तर निफाडच्या डॉक्टरलाही कोणते औषध आधी द्यावे हे कळेल. २०२७ च्या सिंहस्थाला लाखो भाविक येतील आणि इथल्या प्रत्येक वॉर्डावर ताण येईल. तोवर ही व्यवस्था उभी राहिलेली असावी.

वाचकांकडे एक मागणे आहे. आपले माणूस दाखल असेल तेव्हा त्याच्या खाटेजवळ जाण्यापूर्वी आणि तिथून निघताना हात धुवा. लघवीची नळी किंवा सलाईनची सुई आज खरेच हवी आहे का, हे सिस्टरला रोज आदराने विचारा. पहिले जोरदार प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घेतले का ते विचारा, आणि अहवालाची प्रत मागून घ्या. घरी आल्यावर ३० दिवसांत जखम पिकली, तर दुसऱ्याच डॉक्टरकडे न जाता जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे जाऊन सांगा आणि ते नोंदवून घ्यायला लावा.